तांदळात ठेवलेली निगेटिव्ह

"रोल जळला हो" असं म्हणत कुणी लॅबच्या काउंटरवर आलं की माझं डोकं फिरायचं. रोल जळत नाही. कॅमेऱ्यात उजेड जरा जास्त शिरला, एवढंच झालेलं असतं. पण फोटो पांढरेफटक आले की आपल्याकडे ते जळलेच, आणि जाळले कुणी तर लॅबवाल्याने. मी वाद घालायला लागलो की आमचे मालक आतून येऊन मला बाजूला करायचे. गिऱ्हाईक फोटो न्यायला आलंय, शिकायला नाही, असं त्यांचं म्हणणं. धंदा त्यांचा, तेव्हा त्यांचंच खरं धरायला हवं. तरी मी शेवटपर्यंत वाद घातलाच.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत आमची कलर लॅब होती. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी तिथला प्रिंटर, म्हणजे यंत्र नव्हे, माणूस. धुतलेल्या निगेटिव्हवरून कागदावर फोटो उतरवायचा, त्याचा उजेड आणि रंग जुळवायचा, हे माझं काम. इकडे जयगड, तिकडे देवरूख-लांज्यापर्यंतच्या घरांत त्या काळातले जे फोटो टांगलेले आहेत, त्यातले कितीतरी माझ्या हाताखालून गेलेत. एकावरही माझं नाव नाही. ते बरंच आहे, कारण सुरुवातीला काही माणसं मी हिरवीही छापली होती.

ज्यांनी रोल कधी हातात धरलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. जिथे ऊन तिथे काळं, जिथे सावली तिथे आरपार. उजेड कमी पडला तर निगेटिव्ह जवळजवळ कोरी राहते आणि मग कुणाचंच काही चालत नाही, कारण फिल्मवर काही उमटलेलंच नसतं. उजेड जास्त झाला तर ती काळीकुट्ट होते. लोक घाबरतात हिला, पण दोघींत हीच बरी. पहिली उपाशी, दुसरीला अजीर्ण. उपाशी राहिलेलीला मी कुठून आणून घालणार? अजीर्णावर मात्र उपाय असतो. काळ्या निगेटिव्हमधून कागदावर जास्त वेळ उजेड सोडायचा, रंगांचे फिल्टर पुढेमागे करत राहायचं, की बहुतेक वेळा चित्र वर येतं. धुताना काही वेगळं करायचं नाही. रोल कसाही आला तरी धुणं नेहमीचंच, दुरुस्ती काय ती कागदावर, हे मालकांनी मला कामाला लागल्या लागल्या शिकवलं होतं.

फक्त फिल्मलाही पोट असतं. ते एकदा भरलं की वर कितीही उजेड ओता, काळ्याहून काळं काही होत नाही. तिथला तपशील संपतो. पांढरा शर्ट, चुना लावलेली भिंत, उन्हातलं कपाळ हे आधी जातं, आणि गेलं की कागदावर तिथे नुसता कागद राहतो.

लांज्याचा एक नंदू फोटोग्राफर होता. स्वभावाने गरीब, पण कामाचा धांदरट. एका लग्नात त्याचा फ्लॅश पूर्ण जोरावर राहिला आणि आख्खं लग्न जास्त उजेडात निघालं. तोंड लपवत तो रोल घेऊन आला. मी जमेल तेवढं सावरलं, तरी नवरी काही खऱ्या रंगाची येईना. ती बेताची सावळी मुलगी, फोटोत दुधात धुतल्यासारखी दिसायला लागली. नंदू आता मार खाणार म्हणून आम्ही वाट बघत होतो, तर तो पेढे घेऊन हजर. दोन्हीकडची मंडळी खूश, मुलगी काय गोरी दिसते म्हणून. पुढे कितीतरी दिवस त्याच्याकडे "तसलेच फोटो काढ" म्हणणारी गिऱ्हाइकं येत होती. आम्ही लॅबमधे पोट धरून हसलो. त्या मुलीने स्वतः तो अल्बम उघडून काय म्हटलं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

अशा गमती सांगायला बसलो तर पुष्कळ आहेत. पण हल्ली माझ्या डोक्यात त्या येत नाहीत. एकच निगेटिव्ह येते, आणि तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी हे सगळं मांडून बसलोय.

त्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. इथल्या खेड्यांतले पुरुष कामाला मुंबईत, आणि घरी यायचे गणपतीला नाहीतर शिमग्याला. कॅमेरा त्यांच्याबरोबर यायचा आणि त्यांच्याबरोबर जायचा. रोल महाग, म्हणून तो पुरवून वापरायचा. अर्धा गणपतीत, उरलेला शिमग्यात, आणि मग तो धुवायला टाकायचा. एकाच पट्टीवर भाद्रपदातलं अंधारं माजघर आणि फाल्गुनातलं अंगणातलं ऊन शेजारी शेजारी बसलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की सांगता सोय नाही. एका टोकाला मखर, दुसऱ्या टोकाला पालखी.

शेवंतीबाईंची पट्टी अशीच होती. त्या देवरूखच्या पुढच्या डोंगरातल्या एका वाडीतल्या. दिवाळी झाल्यानंतरच्या दिवसांत एका सकाळी त्या लॅबमधे आल्या, बरोबर त्यांचे दीर, दत्ताराम. बाईंचा मुलगा संतोष मुंबईत एका छापखान्यात होता. लग्न व्हायचं होतं. शिमगा करून तो परत गेला आणि पावसाच्या तोंडावर काविळीने तिकडेच गेला. घरी त्याची बॅग आली. बॅगेत कॅमेरा, कॅमेऱ्यात हा रोल. देवरूखच्या स्टुडिओवाल्याने तो आमच्याकडे धुवायला पाठवला होता आणि आमच्याच यंत्राने त्यातल्या शेवटच्या फ्रेम छापायच्या नाहीत म्हणून बाजूला काढल्या होत्या.

गणपतीतले फोटो छान आले होते. मूर्ती, आरती, चुलत भावंडं, चुलीपुढे आई. संतोष त्यांत कुठेच नव्हता, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता. घरात त्याचा दुसरा फोटोच नाही, असं दत्ताराम सांगत होते. कामावरच्या ओळखपत्रावर एक होता तो घामाने पुसला गेलेला. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला चेहरा हवा होता.

तो चेहरा शेवटच्या फ्रेममधे आहे, असं बाईंचं म्हणणं. मी पट्टी काचेखालच्या दिव्यावर धरली. गणपतीच्या फ्रेम स्वच्छ, आणि शिमग्याच्या सगळ्या डांबरासारख्या. शेवटच्या फ्रेममधे माणूस आहे एवढंच कळत होतं.

"ह्यो मी काडलेला," बाई म्हणाल्या. "त्यान सांगितलान, आये, हयसून बघ नि हय दाब. मी दाबलंय. माज्याच हातनं जळला ओ."

दत्ताराम म्हणाले की जून महिन्यापासून हेच चाललंय, जेवायला बसली तरी हेच.

मी कॅमेरा मागितला. पिशवीतून त्यांनी तो काढला, टॉवेलात गुंडाळलेला. बघतो तर लेन्सच्या कड्यांवर खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि वेळेच्या चक्रीवरही एक तुकडा. मग सगळा उलगडा झाला. या साध्या कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा ते आपण हाताने ठरवायचं असतं. मुंबईत कुणीतरी जाणत्याने त्याला माजघरातल्या अंधाराचा अंदाज घेऊन कड्या लावून दिल्या असतील, आणि त्या हलू नयेत म्हणून पट्टी मारली असेल. आमच्याकडे असं पुष्कळजण करायचे. गणपती झाले, शिमगा आला, पट्टी तशीच राहिली. काळोखासाठी सताड उघडं ठेवलेलं दार, आणि समोर पालखीच्या दिवसाचं ऊन.

मी बाईंना समजावलं की तुम्ही नुसतं बटण दाबलंत, त्याने फोटो बिघडत नाही. उलट तुमचा हात जरासुद्धा हललेला नाही, फोटो रेखीव आहे. बिघडवलंय ते या पट्टीने. ती गणपतीनंतर काढायची राहिली.

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "ही त्यान लावलेलान," त्या म्हणाल्या. मला वाटलं डोक्यावरचं ओझं उतरलं असेल.

"भाऊ, त्येची चूक म्हनून कुनाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "माजीच राऊ दे."

आयुष्यभर लोक स्वतःची चूक माझ्यावर ढकलत आलेले, आणि ही बाई दुसऱ्याची चूक मागून घेत होती. मी निगेटिव्ह घेऊन आत गेलो.

यंत्रावर काही होणार नव्हतं. जास्तीत जास्त उजेडाचं बटण दाबून पाहिलं तर मळकट पांढरा कागद बाहेर आला. मग मागच्या खोलीतलं जुनं, हाताने चालवायचं एन्लार्जर काढलं, निगेटिव्हमधून दिवा सोडून चित्र कागदावर मोठं पाडणारं. रंगीत कागदाला कसलाच दिवा चालत नाही. लाल बल्ब असतो तो काळ्यापांढऱ्या कामाला. रंगीत काम मिट्ट काळोखात, चाचपडत करायचं. साध्या निगेटिव्हला कागदावर चार-दोन सेकंद उजेड लागतो. हिच्यासाठी मी दिवा लावून ठेवून दुसरं काही करून यावं इतका वेळ लागत होता. आणि वेळ वाढला की कागदाचे रंग एकमेकांशी फटकून वागायला लागतात. पहिल्या तुकड्यावर संतोष हिरवा आला. दुसऱ्यावर जांभळट. प्रत्येक वेळी फिल्टर बदलायचे, पुन्हा काळोख, पुन्हा थांबणं. बाहेर बाकावर दोघं बसून होती. मालकांनी त्यांना चहा पाठवला, तो बाईंनी घेतला नाही.

दुपार कलली तेव्हा कुठे चेहरा आला. पण अर्धाच.

आला तो का आला, हे बघून मीच चकित झालो. मुलाच्या डाव्या गालावर गुलाल होता. कपाळाच्या कडेपासून हनुवटीपर्यंत चांगला चोळलेला. लाल रंग उन्हातला बराचसा उजेड पिऊन टाकतो, परत फेकतो तो थोडाच. त्यामुळे तेवढ्या भागात फिल्मचं पोट भरलं नव्हतं. गाल, डोळा, नाकाची एक बाजू, मिशीची सुरुवात, उन्हाने मिटत आलेली पापणी, सगळं तिथे होतं. दुसऱ्या बाजूला, जिथे गुलाल नव्हता, तिथे कोरा कागद. शर्ट नाही, कान नाही, मागचं घर नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी असा फोटो दुसरा छापला नाही.

प्रिंट ओलीच घेऊन मी बाहेर आलो. बाईंनी ती मांडीवर घेतली. ओळख पटली हे चेहऱ्यावर दिसलं. मी त्यांना सांगितलं की गुलाल होता म्हणून एवढा तरी चेहरा वाचला, नाहीतर काहीच नव्हतं.

"ह्यो मीच लावलेला," त्या म्हणाल्या. "पालखी उठली तवा. मंग तो म्हटलान, हात पूस आनि मग कॅमेरा धर."

ज्या हाताला त्या पाच-सहा महिने दोष देत होत्या, त्याच हाताने हा चेहरा राखला होता. मी ते त्यांना तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी मान हलवली, पण ते आत पोचलं असं मला वाटलं नाही.

दत्तारामांची अडचण निराळी होती. ते जरा बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाले की गेलेल्या माणसाचा फोटो, त्याला हार घालायचा, आणि तोंडाला गुलाल, हे बरं दिसत नाही. भावकी नावं ठेवील. तेवढा गुलाल काढता येईल का. चांगला माणूस होता, त्याचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, गुलाल फिका करायचा तर प्रिंट फिकी करावी लागणार, बघा काय होतं ते. आत जाऊन वेळ कमी करून एक तुकडा छापला आणि त्यांच्या हातात दिला. गुलाल गेला होता. त्याच्याबरोबर डोळाही गेला होता. ते त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत उभे राहिले, मग तो दुमडून खिशात घातला आणि म्हणाले, राहू दे गुलाल.

निघायच्या आधी शेवंतीबाईंनी मला थांबवलं. दुसरा गाल कुठे, असं त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, त्या बाजूला काही उरलेलं नाही, मावशी.

"नाय कसा?" त्या म्हणाल्या. "तितं तर सगळ्यात जास्त उजेड व्हता."

या प्रश्नाला मी धंद्याच्या भाषेत उत्तर दिलं. पोट भरणं वगैरे, जे वर लिहिलंय तेच. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि निगेटिव्ह परत मागितली. आपल्या हवेत ती कशी टिकेल असं विचारलं. आमच्याकडे चार महिने भिंतींना पाणी सुटतं, निगेटिव्हला बुरशी धरायला वेळ लागत नाही. मी सगळ्यांना सांगायचो तेच त्यांना सांगितलं. कोरडे तांदूळ डब्यात घालायचे, कागदात गुंडाळून निगेटिव्ह त्यात ठेवायची, झाकण घट्ट लावायचं, आणि पावसाळा संपला की तांदूळ बदलायचे. देवरूखची गाडी लागली होती. दोघं गेली.

पुढे सगळंच गेलं. रोल गेले, कागद यायचा बंद झाला, यंत्र भंगारात गेलं. मालक वारले. मी घरी बसलो. हल्ली पुण्याकडून कुणी कुणी जुने कॅमेरे गळ्यात अडकवून येतात आणि कुणीतरी पत्ता दिला म्हणून मला भेटतात. मुद्दाम जास्त उजेड देऊन फोटो काढतो म्हणतात, फिकट रंग सुंदर येतात. येतात खरे. मी त्यांना चहा देतो आणि फारसं बोलत नाही.

यंदा पावसाळा संपता संपता एक बाई दारात आली. पन्नाशीची, लांज्याला दिलेली, नाव सुलभा. शेवंतीबाईंची मुलगी, संतोषची धाकटी बहीण. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. आई श्रावणात गेली, म्हणाली. तिने पिशवीतून आधी फ्रेम काढली, मग स्टीलचा डबा.

फ्रेममधला फोटो मी ओळखला, पण त्यात आता ओळखण्यासारखं काही नव्हतं. जुन्या रंगीत कागदावरचा लाल उजेडाने हळूहळू उडतो, आणि ही भिंत दाराच्या समोरची असणार. गुलाल उडाला होता. एक फिकट पिवळसर ठिपका, त्यात पापणीची रेघ. तेव्हा दत्तारामांनी मागितलं होतं ते इतक्या वर्षांनी उन्हाने करून दिलं होतं.

डब्यात तांदूळ होते. स्वच्छ, यंदाचे नसतील पण फार जुनेही नव्हेत. आई दर वर्षी पावसाळा संपला की बदलायची, सुलभा म्हणाली. कुणाला हात लावू द्यायची नाही. आलेल्या-गेलेल्याला फोटो दाखवून सांगायची, माझ्या हातनं जळला. गुलालाचं मात्र तिने आम्हालाही कधी सांगितलं नाही, ते दत्तारामकाकांकडून कळलं.

मी तांदळात बोटं घालून पुडी काढली. निगेटिव्ह जशीच्या तशी होती. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. आमच्या लॅबच्या कपाटातल्या निगेटिव्ह सगळ्या बुरशीने खाल्ल्या आणि वाडीतली ही तेवढी राहिली. खिडकीशी धरली. शेवटची फ्रेम तेव्हा होती तितकीच काळी. सुलभाने मोबाइल पुढे केला, त्यात फोटो घेऊन उलट्याचं सुलटं करता येईल का विचारलं. करून पाहिलं. काळ्यावर काळं.

"काका," ती म्हणाली, "आई म्हनायची दुसरा गाल आत हाय. आत्ता काडायचं मशीन नाय, कंदीतरी येईल. म्हनून तांदूळ बदलायची. हाय का तो?"

मी पुन्हा खिडकीकडे वळलो, खरं तर तिच्याकडे बघायला नको म्हणून. तिच्या आईला मी बाकावर बसवून जे सांगितलं होतं तेच सांगायचं होतं, तोच शब्द, तेच पोट भरणं. ते मला पाठ आहे. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला काढता आला नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलवली. निगेटिव्ह माझ्या हातातून घेऊन कागदात गुंडाळली, तांदळात खोल सारली, वरून हाताने सारखे केले आणि झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून मी डबा धरला आणि तिने दाबलं. मग उठताना तिने विचारलं की तांदूळ यंदा बदलायचे राहिलेत, आता बदलले तर चालेल का.

मी म्हटलं, चालेल. पाऊस पुरता जाऊ दे, मग बदल.